पसाभर कोंड्याची पोर

सिनेमा विनोदी आहे असं सगळेच सांगत होते, आणि थिएटर हसतही होतं. दहा वर्षांची एक मुलगी आई-बापाला कंटाळते आणि वहीत रकाने आखून, सायकलवरून नवे आई-बाप शोधायला निघते. स्वयंपाक कसा, रागावल्यावर आवाज किती चढतो, टीव्ही किती वेळ बघू देतात, असे गुण देत ती घरोघर हिंडते. माझी लेक सानू पोट धरधरून हसत होती. तिच्या पलीकडे माझी आई, जिला आता धड ऐकूही येत नाही, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र घाम फुटला होता. पडद्यावर जे चाललं होतं ते मी नऊ वर्षांची असताना करून बसले होते. माझ्याकडे सायकल नव्हती आणि वही नव्हती, एवढाच काय तो फरक.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पण सिनेमा सुटल्यावर खडेबाजारातल्या एका हॉटेलात भजी खायला बसलो, आणि सानू सारखी विचारायला लागली, "आई, तू का नाही हसलीस?" तेव्हा म्हटलं, सांगून टाकावं एकदा. तीस वर्षं होऊन गेली, आता त्यात काय उरलंय! आईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या लोकांनाही फुकटात गोष्ट मिळाली. एका दुपारी दप्तरात दोन फ्रॉक आणि कंगवा घालून मी शेजारच्या आक्काकडे गेले होते आणि म्हटलं होतं, "आजपास्नं मी तुमचीच. मला ठेवून घ्या." आक्काने मला ठेवून घेतलं नाही. हाताला धरून परत आणून सोडलं. तेव्हापासून मी तिचा उंबरा चढले नाही, हेही सांगितलं.

सानू हसली. आई हसायची थांबली.

"त्या दिशी तू तिची लेक व्हायला गेलतीस?" आईने विचारलं. "मला वाटलं, माझ्यावर रुसून बसायला गेलतीस."

"लेक व्हायला गेलते," मी म्हटलं.

आईने भजी ताटलीत परत ठेवली. म्हणाली, "व्हायचं काय त्यात? तू तिचीच हुतीस की."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर तिने हातानेच थांबवलं. "ऐकलंय मी. तुझ्या आदी माझी दोन गेली. एक सा दिवसांचं, एक चार म्हयन्यांचं. तू झालीस तवा गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हिला आपली म्हणू नगंस, इकून टाक, मंजी जगंल. मग पाचवीच्या दिशी तुला सुपात घातली आन् आक्काला इकली. पसाभर कोंड्याला."

"इकली म्हणजे?"

"इकली मंजी इकली. दूध मी पाजायचं, पर पोर तिची. मी तुला माझी म्हणायचं न्हाय. म्हणलं की नजर पडती. तुझ्या लगनाच्या दिशी परत घेतली तुला."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते हेच असावं. खुर्ची जागेवर होती, टेबल जागेवर होतं, पोऱ्या पाण्याचे ग्लास आदळून जात होता, आणि एक्केचाळीस वर्षांची मी, निपाणीच्या शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवणारी मास्तरीण, पसाभर कोंड्याला गेले होते. तोही गव्हाचा की भाताचा, ते विचारायचं सुचलं नाही.

एवढं मात्र सुचलं. "मग लग्नात परत घेतलीस ना? त्यानंतर सोळा वर्षं झाली. एकदा तरी 'माझी लेक' म्हणालीस का गं?"

आईने चहाची बशी ओठाला लावली आणि तिथेच धरून ठेवली. "जीभ वळंना," म्हणाली. एवढंच.

मी बिल दिलं आणि रिक्षा थांबवली. "वडगाव," म्हटलं. आक्का अजून तिथेच, आमच्या जुन्या गल्लीत राहत होती. आई कशाला कशाला म्हणत राहिली, पण बसली.

शहापूर सुटलं की कान आपोआप टवकारतात माझे. पूर्वी इथूनच माग ऐकू यायला लागायचे. एका घरातून नाही, गल्लीच्या दोन्ही अंगांनी, भिंतींतून, जमिनीतून, झोपलेल्या माणसाच्या उशीतून. आमच्या घरी चार यंत्रमाग होते. सकाळी सातला सुरू व्हायचे ते वीज जाईपर्यंत. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि मग गंमत व्हायची. लोक सवयीने ओरडूनच बोलत राहायचे, आणि कुणाच्या घरात कुणाच्या सासूबद्दल काय चाललंय ते चौकापर्यंत ऐकू जायचं. आम्ही पोरं त्या पाच-दहा मिनिटांची वाट बघायचो.

ओल्या सुताचा वास, मागाच्या तेलाचा वास, आणि सगळ्यांवर कडी करणारा, सुताला लावायच्या खळीचा वास. भाताची पेज आंबट व्हायला लागली की येतो तसा. निपाणीला मी तंबाखूच्या वासात संसार केला. पहिल्यांदा गेले तेव्हा वखारींवरून जाताना शिंकून शिंकून बेजार व्हायची. आता तो वास नाकाला जाणवतही नाही. खळीचा वास मात्र अजून कुठे, धोब्याच्या दुकानाशी वगैरे, अचानक आला की मी उभ्या जागी नऊ वर्षांची होते.

आमच्या घरी बोललेलं कुणाला ऐकू जात नसे. माझे वडील, आप्पा, एका मागावरून दुसऱ्या मागावर, आई सुताच्या कांड्या भरता भरता मधेच तुटलेला धागा जोडायला. मी शाळेतून येऊन सांगायची की आज माझा पहिला नंबर आला. आई माझ्याकडे बघायची, मान हलवायची आणि पुन्हा कांडीकडे वळायची. तिने ऐकलं की नुसती मान हलवली, ते मला कधी कळत नसे. इतर आया पोरींना जवळ घ्यायच्या, माझी सोन्यासारखी पोर म्हणायच्या. माझी आई कुणी पाहुणी आली की म्हणायची, "ही व्हय? ही आक्काची." पाहुणी हसायची. मला वाटायचं, माझी लाज वाटते हिला.

आक्काच्या घरी हातमाग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तिचे यजमान, अण्णा, बसायचे. तिथे ऊन पोचत नसे आणि ओल्या मातीचा गारवा असायचा. त्या मागाचा आवाज माणसाच्या चालीचा होता. खट्, मग थोडी उसंत, मग खट्. आणि मुख्य म्हणजे अण्णांशी बोललं की ते माग थांबवायचे. सूत ओवलेला धोटा हातात धरून, मान वर करून ऐकायचे. माझा पहिला नंबर आला हे मी तिथे तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा माग थांबला होता. आई-बाप निवडायला एका पोरीला आणखी काय लागतं?

आक्का-अण्णांना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं कानडी बोलायची, आणि मी दारात दिसले की आक्का म्हणायची, "बा, मगळे." ये, लेकी. मला वाटायचं, कानडीत सगळ्याच पोरींना असं म्हणतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं तेल मला आक्का लावायची. नवा फ्रॉक आधी आक्काकडे जाऊन घालायचा, मग घरी यायचं. नागपंचमीच्या बांगड्या ती भरायची. मला ताप आला की मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला ती यायची आणि आई कोपऱ्यात, हात पदराखाली घेऊन, नुसती उभी राहायची. शाळेच्या पहिल्या दिवशी माझं बोट आक्काच्या हातात होतं. या सगळ्याला मी शेजारधर्म समजत होते. रिक्षा वडगावच्या चढाला लागली आणि हे एकेक उलगडत गेलं. त्या दोघींनी मिळून मला केवढा पहारा दिला होता, आणि मी त्यातलं सगळं उलटं वाचलं होतं. दैवाला फसवायला निघालेल्या दोन बायका, आणि फसले कोण, तर मी.

त्या दुपारचं कारण आता आठवत नाही, आणि आठवलं तरी ते क्षुल्लकच असणार. उन्हाळा होता. कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांवर आईची जुनी साडी पसरलेली होती. मी दप्तर घेऊन आक्काकडे गेले आणि माझं ते वाक्य बोलले. अण्णांनी माग थांबवला. आक्का खाली बसली. मग उठून तिने मला चिरमुरे आणि गुळाचा खडा दिला आणि आत जाऊन अण्णांशी कानडीत हळू आवाजात बोलत राहिली. मी आनंदाने चिरमुरे खात होते. मला वाटलं, माझं अंथरूण कुठे घालायचं ते ठरतंय. थोड्या वेळाने ती बाहेर आली, माझं दप्तर उचललं, माझा हात धरला आणि आमच्या दारात नेऊन उभं केलं. आत न येता, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाली, "तुझी पोर सांभाळ."

आईच्या हातातली कांड्यांची टोपली पडली. सगळ्या कांड्या जमिनीवर पसरल्या. मला वाटलं, मी पळून गेले म्हणून ही संतापली. पुढचा आठवडाभर तिने मला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ घरात धुरी घातली आणि गळ्यात काळा दोरा बांधला. मी ती शिक्षा म्हणून भोगली. जिने जन्म दिला तिला मी नको होते आणि जिला मी निवडलं तिलाही नको होते, हे मनात घेऊन मी मोठी झाले. शिकले, लग्न केलं, सानू झाली तरी ते कुसळ निघालं नाही. मला एवढंच विचारायचं होतं आक्काला. का परत दिलीस?

आक्काच्या घराचं दार तेच होतं. आत माग नव्हता. खड्डा बुजवून त्यावर चकचकीत फरशी घातली होती आणि त्या फरशीवर आक्का पाय पसरून बसली होती, मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत. अण्णा जाऊन सात वर्षं झाली. मी तेव्हाही भेटायला आले नव्हते. तिने डोळ्यांवर आडवा हात धरून बघितलं.

"बा, मगळे," म्हणाली.

मी चपला काढून आत गेले. आई समोरच्या खाटेवर टेकली, सानू तिला चिकटून बसली. मी आक्काच्या शेजारी फरशीवरच बसले आणि एकदम विचारलं, "आक्का, त्या दिवशी मला परत का नेलंस?"

कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. "दप्तरात दोन फ्रॉक हुते," ती म्हणाली. "एक पिवळा. आन् दात मोडलेला कंगवा. सांगितलं व्हय तुझ्या आईनं, इकल्याचं?"

"आजच."

"आता सांगती व्हय!" ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली. मग ताटातले तांदूळ एका बाजूला सारत राहिली. "हे बघ, सुपातनं घेतली तवा तू जगावीस म्हणून घेतली. त्यात माझं काय न्हवतं. पर तू आपल्या पायानं आलीस तवा मला हाव सुटली, बाळ. खोटं कशाला बोलू? अण्णास्नी म्हणलं, ठेवून घेऊ या. आपली आपण आलीया, आपण काय मागाय गेलतो? तर अण्णा म्हणाले, 'आन् तिची आई काय करंल?' मग मीच उठले आन् तुला घेऊन तुमच्या दारात आले."

"आणि दारात 'तुझी पोर' म्हणालीस."

"म्हणाय नको हुतं. लई मोठी चूक झाली ती. देवानं ऐकलं असतं तर? पर दुसरं काय बोलू, मला सुचंना."

मी तिचा हात धरला. बत्तीस वर्षं मी एका बाईवर राग धरून होते. आपण ठेवून घेऊ म्हणणारी तीच होती, आणि नंतर रडली असेल तीही तीच, तेव्हाच्या त्या मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून. मला माझी लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही. तिने ते मनावर घेतलं नाही. ती खाटेकडे बघत होती. आई सानूची वेणी सोडून पुन्हा घालत होती.

आक्काने आवाज अगदी खाली आणला. "तिला ऐकू येत न्हाय, म्हणून सांगते. आणखी एक हाय. तुझ्या लगनाच्या दिशी, तू हळदीला बसलीस तवा, तुझी आई सूप घेऊन आलती. सुपात कोंडा, वर खण. असं परत देताना तीनदा म्हणायचं असतंय, दिली, दिली, दिली. मग पोर आईची व्हती. मी दोनदा म्हणलं. चांगलं मोठ्यांदा म्हणलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नुसतं ओठ हलवलं." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "दिली म्हणलंच न्हाय. माझी म्हणलं. बिनआवाजाचं. तवाच तुझ्या आईचं कान गेलतं मागापायी. तिला वाटलं, झालं तीनदा. मान हलवली आन् गेली. तवापास्नं खातंय ते मला. आता पाय लटपटाय लागलं, असलं अर्धं ठेवून जाऊ न्हाय माणसानं. तू आलीयास, ती बी समोर हाय. आता म्हणून टाकते."

ती ताट खाली ठेवून, भिंतीला धरून उठायला लागली. मी काय करावं ते मला कळेना. म्हणू नकोस, असं म्हणावं तर आईचं काय? म्हण, असं म्हणावं तर हिच्याकडे काय उरतं? आक्का उभी राहिली, आईकडे तोंड केलं, ओठ उघडले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

आक्काचं तोंड तसंच उघडं राहिलं. माझंही.

आईच्या हातातली वेणी सुटली नव्हती. तिने शेवटचा पेड घातला, रबर लावलं आणि मग म्हणाली, "तीस वर्सं मागाखाली काढली मी. त्या खडखडाटात कोण कानानं ऐकत हुतं? तोंडं बघूनच कळायचं सगळं. तवा बी कळलं मला, आक्का. आता बी कळलं."

"मग... बोलली न्हाईस गं कधी?"

"काय बोलू? नऊ वर्साची पोर आपल्या पायानं तुझ्याकडं आलती, आन् तू हात धरून आणून दिलीस. तुझ्या जागी मी असते तर दिली नसती." तिने सानूची वेणी पाठीवर सोडली. "तू ठेवून घेतलीस ते एका शब्दापुरतं. ऱ्हाऊ दे तो तुझ्याकडं."

दुपारी हॉटेलात तिला केलेला प्रश्न मलाच बोचायला लागला. सोळा वर्षं तिने मला 'माझी' म्हटलं नव्हतं. जीभ वळत नव्हती म्हणून नाही, तर हक्क दुसऱ्या बाईला देऊन टाकला होता म्हणून. माझ्या बाळंतपणात, सानूच्या बारशाला, आप्पा गेले तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवूनही, तिने तो शब्द गिळला होता. आणि मी, शिकलेली बाई, आज सकाळपर्यंत समजत होते की हिला माया करता येत नाही. मला दोघींच्याही तोंडाकडे बघवेना.

आक्का पुन्हा खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

सानू घाबरली होती. तिने आईचा पदर ओढला आणि, ऐकू जावं म्हणून, ओरडून विचारलं, "आज्जी, ही आपली कोण?"

आईने तिला पुढे ढकललं. "जा, पाया पड. ही तुझ्या आईची आई."

सानूने वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे बघितलं, आक्काकडे बघितलं आणि परत फिरून आईसमोर उभी राहिली.

"मग तू कोण?"

"मी?" आई म्हणाली. "मी शेजारीण," आणि खाटेवरून उतरून ती आक्काच्या पुढ्यातलं ताट बाजूला काढायला गेली.